दशांशराव आणि मेहुण्याचा सॉल्व्हर

कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे दशांशराव म्हणत. हे नाव आपणच ठेवलं असं सांगणारे तीन-चार जण अजूनही भेटतात. किती वाजले असं विचारलं तर हा माणूस कधी "पावणेअकरा" म्हणायचा नाही. "दहा त्रेचाळीस" म्हणायचा, आणि भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे हेही न विचारता सांगायचा. चहात साखर किती, तर "पाऊण चमचा, सपाट." नोकरी प्रयोगशाळा साहाय्यकाची, हातात कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा, आणि डोक्यात मात्र प्राध्यापकाची खुर्ची. ती काही मिळाली नाही. पदवी होती, अक्कल तर जरा जास्तच होती. पण मुलाखत घेणाऱ्या बड्या प्राध्यापकांनी फळ्यावर एक चूक केली आणि यांनी ती भर मुलाखतीत उठून दुरुस्त केली. त्यानंतर त्यांना पुन्हा कुणी बोलावलं नाही.

ज्याला नोकरीत मान मिळत नाही तो दुसरीकडे कुठेतरी बूड टेकायला जागा शोधतोच. दशांशरावांना ती इंटरनेटवर सापडली. तिथे गणिताची एक लायब्ररी होती. पुस्तकांची नव्हे, प्रोग्रामांची. देशोदेशीच्या लोकांनी फावल्या वेळात लिहायची, ज्याला हवी त्यानं फुकट वापरायची, आणि आत काय लिहिलंय ते कुणीही उघडून बघायचं. तिच्यातला विकलक समीकरणांचा विभाग दशांशरावांनी जवळजवळ एकहाती उभा केला. नाव ऐकून दचकायचं कारण नाही. एखादी गोष्ट या क्षणी किती वेगानं बदलतेय एवढंच ठाऊक असतं, आणि त्यावरून ती तासाभरानं कुठे पोचेल ते काढायचं असतं. कागदावर हे सहसा सुटत नाही. मग कॉम्प्युटर एकेक पाऊल टाकत पुढे जातो. बदल संथ असेल तिथे मोठं पाऊल, एकदम उसळी असेल तिथे मुंगीचं. हे काम करणाऱ्या प्रोग्रामला म्हणतात सॉल्व्हर.

रोज सकाळी सहा ते आठ, जेवणाच्या टेबलावर, हे काम चाले. बाहेरच्या कुणी नवं काही लिहून पाठवलं तर ते लायब्ररीत घ्यायचं की परत करायचं हे दशांशराव ठरवत, आणि ठरवताना शेरा लिहीत. शेरा सगळ्या जगाला दिसे आणि कायमचा राही. तिथला रिवाजच तसा, केलेलं काही पुसायचं नाही. त्यांची बायको म्हणायची, "कॉलेजात कुणी विचारत नाही, म्हणून घरी बसून जगाच्या वह्या तपासतात." म्हणायची हसत, पण साडेसातला दुसरा चहा न मागता टेबलावर ठेवायची.

वह्या तपासायची त्यांची एक पद्धत होती. वीस गणितं ठरलेली. त्यांची बरोबर उत्तरं बारा दशांशांपर्यंत एका फाईलमध्ये लिहून ठेवलेली. नवा सॉल्व्हर आला की त्याच्याकडून ती वीस गणितं सोडवून घ्यायची. उत्तरं जुळली तर पुढचं बोलणं, नाही जुळली तर राम राम. त्या फाईलच्या डोक्यावर त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं की या उत्तरांना कुणीही हात लावू नये. चार वर्षांत कुणी लावलाही नव्हता.

आता मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली आणि रंगाच्या कारखान्यात लागला. तिथे केटलवर काम. केटल म्हणजे दोन माणसं आत उभी राहतील एवढं बंद लोखंडी भांडं. त्यात रंगासाठी लागणारी राळ शिजते. बराच वेळ आत काहीच घडत नाही, आणि मग अचानक मिनिटभरात तापमान उसळतं. त्या उसळीच्या जरा आधी गार पाणी सोडलं नाही तर आतलं सगळं घट्ट होऊन बसतं आणि छिन्नी घेऊन फोडावं लागतं. मेहुणा मीटरकडे बघत आठ तास उभा राही, आणि उभ्या उभ्या विचार करी की ही उसळी आधी सांगता येईल का.

हा विचार घेऊन तो एका रविवारी दशांशरावांकडे आला आणि मग दोन वर्षं रविवारी येत राहिला. दशांशरावांनी त्याला शिकवलं, आणि मनापासून शिकवलं. खोटं कशाला बोला, त्यांना तो मेहुणा म्हणून नव्हे, माणूस म्हणून आवडायचा. अर्ध्या वाक्यात त्याला कळायचं. "म्हणजे भाऊजी, पुढचं पाऊल किती टाकायचं ते मागच्या पावलाची चूक बघून ठरवायचं?" असं तो विचारायचा आणि दशांशरावांची मान आपोआप हलायची. नंतर ते बायकोला सांगत, "तुझ्या घरात हा एकच." ती म्हणे, "आणि मी?" यावर ते पेपर उघडत.

मग मेहुण्याला एक भानगड दिसली. त्यानं केटलचं समीकरण मांडून लायब्ररीच्या सॉल्व्हरला घातलं, तर उसळी चव्वेचाळिसाव्या मिनिटाला येते असं उत्तर आलं. मीटरवर मात्र ती रोज एक्केचाळिसाव्या मिनिटाला दिसे. तीन मिनिटं म्हणजे केटलवर फार झाली. त्यानं समीकरण तीनदा तपासलं. शेवटी स्वतःच एक वेगळा सॉल्व्हर लिहायला घेतला, आणि कामावरून आल्यावर रोज थोडं थोडं करत आठ महिन्यांत पुरा केला. त्याच्या सॉल्व्हरनं एक्केचाळीस मिनिटं सांगितली.

कारखान्यात त्याच सुमाराला नवा नियंत्रण कक्ष होत होता. हिशेबानं प्रक्रिया चालवायची, आणि त्यासाठी कामगारांतूनच एक जण घ्यायचा. मॅनेजर भला माणूस. तो म्हणाला, "तुझं काम त्या लायब्ररीनं घेतलं तर मला वर दाखवायला काहीतरी राहील. नुसता माझा शब्द कोण धरणार?" मेहुण्यानं हे भाऊजींना सांगितलं नाही. ओळखीनं झालं असं कुणी म्हणू नये, म्हणून. त्यानं रीतसर बाहेरच्या माणसासारखा आपला सॉल्व्हर लायब्ररीकडे पाठवला, आणि सोबत लिहिलं की तुमच्या वीसपैकी दोन उत्तरं पाचव्या दशांशावर जुळत नाहीत, पण माझ्या मते ती तुमच्या फाईलमध्येच चुकलेली असावीत. कारखान्यातला मीटरही तेच सांगतो.

दशांशरावांनी ते सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी वाचलं, खाली मेहुण्याचं नाव बघितलं आणि त्यांचं टाळकं सरकलं. ज्याला हाताला धरून शिकवलं तो आपल्याच फाईलला हात घालतो! त्यांनी चाचणी चालवली. दोन गणितं नापास. मग त्यांनी शेरा लिहिला, तीन वाक्यांचा. लेखकाचा पाया कच्चा आहे. बिघडलेल्या मीटरवरून गणित तपासत नाहीत. हे काम बंद करत आहे.

पुढच्या रविवारी मेहुणा आला, तेव्हा तो काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं! मीटर बदल तुझा आधी."

"पण भाऊजी, तुम्ही एकदा ते..."

"चाचणी नापास म्हणजे नापास. तिथे नातं नाही."

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि भावाला म्हणाली, "अरे, सांगतायत ते ऐक. त्यांना यातलं जास्त कळतं." मेहुण्यानं तिच्याकडे बघितलं, मान हलवली, आणि चहा पिऊन गेला. नियंत्रण कक्षातली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. मॅनेजरनं तो शेरा वाचला होता. वर दाखवायला त्याला नको ते मिळालं. दशांशरावांना हे सगळं वर्षभरानं, एका लग्नाच्या पंगतीत, तिसऱ्याच माणसाकडून कळलं. तेव्हाही त्यांना वाईट वाटलं ते एवढंच की पोरानं आधी सांगायला हवं होतं.

रविवार बंद झाले. भांडण झालं नाही, अबोलाही नाही. मेहुणा बहिणीला भेटायला येई, भाऊजींच्या तब्येतीची चौकशी करी, पंख्याचा आवाज येतो का विचारी, खुर्चीवर चढून तो दुरुस्त करी. गणिताचं अक्षर काढत नसे. आणि दशांशराव, ज्यांना समोरच्याचं घड्याळ दोन मिनिटं पुढे असलेलं लगेच दिसायचं, त्यांना हे सात वर्षं दिसलं नाही. किंवा दिसलं, पण त्यांनी बघितलं नाही.

सात वर्षांनी कुठल्याशा दूरच्या देशातल्या एका संशोधक बाईंनी लायब्ररीला नम्रपणे कळवलं की तुमचा सॉल्व्हर फार जोरात बदलणाऱ्या समीकरणांत उशीर करतो. दशांशरावांनी आधी त्यांनाही चार शब्द सुनावायची तयारी केली. पण बाईंनी नेमकी ओळ दाखवली होती. त्यांनी ती ओळ उघडली. ओळ त्यांचीच, अकरा वर्षांपूर्वीची.

आणि त्यांना आठवलं. तेव्हा त्यांच्याकडे जुना कॉम्प्युटर होता. जिथे उसळी असे तिथे पावलं इतकी लहान होत की एकेका गणिताला दोन दोन तास लागत. म्हणून एका सकाळी, कॉलेजला उशीर होत असताना, त्यांनी एक अडसर घातला. पाऊल अमुकपेक्षा लहान करायचं नाही. तशी वेळ आली तर तेवढंच टाकायचं आणि पुढे जायचं. कुणाला सांगायचं नाही, सूचना द्यायची नाही. शेजारी लिहिलं होतं, "तात्पुरतं." तात्पुरतं केलेलं काढायचं राहून जातं हे घराघरात होतं. पण पुढचं मात्र फक्त यांच्याच धंद्यात होऊ शकतं. फाईलमधल्या वीस उत्तरांपैकी अठरा पुस्तकांतून घेतलेली होती. दोन गणितांचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ती दोन त्यांनी आपल्याच सॉल्व्हरकडून सोडवून घेतली होती आणि बारा दशांशांपर्यंत उतरवून वर लिहिलं होतं, हात लावू नये. सात वर्षांपूर्वी नापास झालेली दोन गणितं तीच. अंगण खरोखरच वाकडं होतं.

त्या दिवशी त्यांनी कॉलेजला फोन करून रजा टाकली. मेहुण्याचा बंद केलेला सॉल्व्हर जुन्या नोंदींत शोधून काढला. आपल्या सॉल्व्हरमधला अडसर बाजूला ठेवून नव्या, ताकदवान मशीनवर दोन्ही चालवले. मेहुण्याची उत्तरं अकराव्या दशांशापर्यंत बरोबर होती.

आता हा माणूस शूर असता तर तिथल्या तिथे उठला असता. तो उठला नाही. त्यानं अडसर काढला, फाईलमधली दोन उत्तरं बदलली, आणि काय केलं या रकान्यात लिहिलं, "किरकोळ दुरुस्ती." संशोधक बाईंचे आभार मानले. मग तीन आठवडे पोटात दुखतं म्हणून जेवण निम्मं केलं. चौथ्या आठवड्यात बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती, तेव्हा त्यांनी तिला सांगितलं. सांगताना पाऊल, अडसर, दशांश असं बरंच आलं. तिनं मधेच थांबवलं.

"म्हणजे तो बरोबर होता."

"हो."

"आणि मी त्याला म्हटलं, भाऊजींचं ऐक."

"तुझा काय दोष त्यात?"

"माझा भाऊ आहे तो." हातातला टॉवेल तिनं घडी न घालताच ठेवला. "तीन आठवडे काय करत होता तुम्ही? माफी मागायलासुद्धा दशांश मोजावे लागतात का?"

यावर उघडायला पेपर जवळ नव्हता. त्यांनी जुन्या शेऱ्याखाली लिहिलं की चूक लेखकाची नव्हती, माझी होती, मीटरही बरोबर होता. "किरकोळ दुरुस्ती"च्या खालीही खरं काय ते लिहिलं. आणि शनिवारी सकाळी लॅपटॉप पिशवीत घालून मेहुण्याकडे निघाले.

मेहुणा कारखान्याजवळ, टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायचा. जिन्याला रबराचा वास. त्याची बायको कामावर गेली होती. दार उघडल्या उघडल्या त्यानं विचारलं, "भाऊजी? ताई बरी आहे ना?"

"बरी आहे. मी तुझ्याकडेच आलोय."

सात वर्षांत ते एकटे इथे कधी आले नव्हते. मेहुण्यानं खुर्चीवरचे कपडे उचलले, पंखा लावला, पाणी आणलं. दशांशरावांनी ग्लास हातात धरूनच सगळं सांगितलं, आणि या वेळी सरळ सांगितलं. मेहुणा ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे मीटर चांगला होता."

"चांगला होता."

"मी बदलायला लावला तो." तो थोडासा हसला. "तुम्ही म्हणालात म्हणून. साहेबांच्या मागे लागून नवा आणवला. नवा पण एक्केचाळीसच दाखवायला लागला. मग मी म्हटलं, आपलीच बघण्यात काहीतरी चूक होत असणार. दोन मीटर आणि मी एका बाजूला, तुम्ही एकटे दुसऱ्या बाजूला. तरी मला तुमचंच खरं वाटलं."

दशांशराव म्हणाले, "माझं चुकलं रे. फार चुकलं." हे वाक्य त्यांनी बसमध्ये पाठ केलं होतं, त्याला पुढे आणखी चार वाक्यं होती. ती आली नाहीत.

"जाऊ दे हो. मी आता तिन्ही केटलींवर मुकादम आहे. चाललंय चांगलं." मग जरा थांबून त्यानं विचारलं, "तो वरचा शेरा राहतोच ना पण?"

"राहतो. तिथलं काही पुसता येत नाही. खाली लिहिलंय मी."

"हां. खाली."

मग दशांशरावांनी लॅपटॉप उघडला. इतका वेळ ते याच गोष्टीच्या भरवशावर बसले होते. "तुझा सॉल्व्हर लायब्ररीत घेतोय. सगळा, जसाच्या तसा. माझा जुना काढून टाकतोय. वर तुझं नाव राहील. जगात जो कुणी वापरेल त्याला दिसेल. तू फक्त एकदा नजर टाक आणि हो म्हण." त्यांनी लॅपटॉप त्याच्यासमोर सरकवला.

मेहुणा पुढे वाकला. बोटानं पान खाली नेलं, वर आणलं, पुन्हा खाली नेलं. "हे मी लिहिलंय?"

"चारशे बारा ओळी."

"ही ओळ काय करते?"

दशांशरावांना वाटलं तो गंमत करतोय. मग त्याचा चेहरा बघून त्यांनी समजावून सांगितलं. एकच अंतर एकदा एका मोठ्या पावलात चालायचं, एकदा दोन लहान पावलांत. दोन उत्तरांत फरक किती पडला त्यावरून पुढचं पाऊल ठरवायचं. मेहुण्यानं मान हलवली, पण त्याला कळलेलं नव्हतं. त्यानं पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा सांगितलं. ज्याला अर्ध्या वाक्यात कळायचं त्याला तिसऱ्यांदा सांगूनही कळलं नाही. तो ओशाळून म्हणाला, "सवय गेली भाऊजी. पुस्तकं पण देऊन टाकली मी तेव्हाच."

"येईल परत. रविवारी येत जा."

तो पडद्याकडे बघत राहिला, एखाद्या हुशार परक्या माणसाचं अक्षर बघावं तसा. "कसं सुचलं असेल हो हे? तुम्हाला तेव्हा वाचताना काय वाटलं होतं? म्हणजे कच्चं होतं ते ठीक आहे, पण निदान एखादी जागा बरी वाटली होती का?"

इथे खोटं बोलता आलं असतं. बोलले असते तर कदाचित बरंही झालं असतं. पण दशांशरावांना ते कधी जमलं नव्हतं. "वाचलं नव्हतं," ते म्हणाले. "चाचणी नापास झाली, म्हणून उघडलंच नाही. पहिल्यांदा वाचलं ते आता, या महिन्यात."

खाली दुकानात कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं. मेहुण्यानं लॅपटॉपवरचं बोट मागे घेतलं. सात वर्षं तो हे धरून चालला होता की एका जाणत्या माणसानं आपलं काम ओळ न् ओळ वाचलं आणि त्याला ते कच्चं वाटलं. त्या भरवशावर त्यानं दोन मीटर खोटे ठरवले होते, आणि स्वतःलाही.

"आठ महिने लिहीत होतो मी," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. मग म्हणाला, "आता वाचा ना. मोठ्यानं वाचा. मला पण ऐकू दे काय लिहिलं होतं ते."

दशांशरावांनी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. एकेक ओळ वाचायची, ती काय करते ते सांगायचं, मग पुढची. मेहुणा हनुवटीला हात लावून ऐकत होता. सव्वाशेव्या ओळीच्या आसपास त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. कारखान्यात दोनची पाळी होती.

"तुम्ही वाचा भाऊजी, मी डबा भरतो," तो म्हणाला आणि आतल्या खोलीत गेला. दशांशराव समोरच्या रिकाम्या खुर्चीला पुढची ओळ वाचून दाखवत राहिले.